बदलीचा रकाना

सांडू मेला तेव्हा तो कंपनीत नव्हताच, असं कंपनीचं म्हणणं होतं. कागद पाहिला तर ते खरंही होतं. त्या दिवशीच्या यादीत सांडूचं नाव कुठेच नाही. ती यादी कशी तयार झाली आणि तिच्यात तो का नव्हता, हे माझ्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला माहीत नाही, म्हणून मीच सांगते. सांगताना माझा पारा चढेल. तो चढतोच, त्याला माझा इलाज नाही.

मी साधना, अंबडची. सोळा वर्षं रोज सकाळच्या एसटीने जालन्याला येते आणि तिथून एमआयडीसीत. आमची कंपनी भंगार वितळवून सळया करते. बाहेरच्या माणसाला भट्टी दिसते, धूर दिसतो, ट्रकांची रांग दिसते. माझं खातं कुणाला दिसत नाही. ऑफिसच्या मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा एसी आणि मी. तिथे बसून मी कंपनीची डिरेक्टरी सांभाळायचे.

डिरेक्टरी म्हणजे फोन नंबरांचं जाड पुस्तक नव्हे. कंपनीतल्या प्रत्येक माणसाची एकच नोंद, एकाच जागी. नाव, खातं, कार्डाचा नंबर, रक्तगट, घरचा फोन. गेटवर कार्ड लावलं की गेट तिला विचारतं, हा कोण, आत सोडू का? कॅन्टीन विचारतं, हा आपलाच ना, ताट द्यायचं ना? ऑफिसातला कॉम्प्युटर विचारतो, याचा पासवर्ड बरोबर आहे का? हे विचारायची एक ठरलेली भाषा आहे. जगभरच्या लोकांनी मिळून ती ठरवली आणि कुणीही वाचावी म्हणून उघडी ठेवली. तिच्यावर कुणाची मालकी नाही. गावच्या आडावर कुणाचाही पोहरा चालतो ना, तसं. गेटचं यंत्र एका फर्मचं, कॅन्टीनचं दुसरीचं, पण पाणी सगळे त्याच आडातून ओढायचे. मी हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरवर उभं केलं होतं. फुकटचं होतं म्हणून त्याची कुणाला किंमत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आणि त्यात मी एक रकाना घातला होता, जो बहुधा दुसऱ्या कुठल्याच डिरेक्टरीत नसेल. बदलीचा रकाना.

त्याचं असं आहे. आमच्या भट्टीवर ठेक्याची माणसं, बहुतेक परतूर-आष्टीकडची. त्यांच्यात भट्टीवरची जागा एका माणसाची नसते, घराची असते. एकाच्या घरी लग्न निघालं, सोयाबीन काढायला आलं, मेंढ्यांची लोकर कातरायची असली, की तो त्या दिवशी गावी राहतो आणि त्याचा भाऊ, मेहुणा, कुणीतरी त्याच्या कार्डावर कामाला येतो. जागा घरातून जाऊ द्यायची नाही. मुकादम माऊलीला हे माहीत, सुपरवायझरला माहीत, मालकालाही माहीत. नियमाने हे चूक, अगदी मान्य. पण भट्टीला नियम कळत नाही, तिला माणूस लागतो.

मीही आधी कपाळाला हात लावला होता. मग एकदा एका बदलीवाल्याचा हात भाजला. कार्डावर नाव दुसऱ्याचं, त्यामुळे फोन त्या दुसऱ्याच्या घरी गेला. ज्याचा हात भाजला त्याच्या बायकोला संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता. तेव्हा मी ठरवलं की हे लोक थांबणार नाहीत, तर निदान यांची नोंद तरी खरी असू दे. खुल्या पद्धतीत हे सोपं होतं. नवा रकाना काढायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. प्रत्येक कार्डापुढे बदलीवाल्यांची नावं, त्यांचे फोन, रक्तगट, आणि एक खूण, आज मूळ माणूस आला की बदलीचा. सकाळी सातला माऊली गेटवर सांगायचा आणि गेटवरचा कारकून खूण करायचा. सहा वर्षं बिनबोभाट चाललं.

रखमाजीच्या कार्डापुढे सांडूचं नाव होतं. दोघे आष्टीचे, आते-मामेभाऊ. रखमाजी बोलका, जरा फुशारकी मारणारा. सांडू शांत, खाली मान घालून काम करणारा. नोंदीसाठी मी त्याच्या घरी फोन केला होता, तेव्हा त्याची बायको आशाबाई बोलली होती. तिने माझा नंबर ‘कंपनीवाली ताई’ म्हणून जपून ठेवला. दर दिवाळीला तिचा फोन यायचा. ‘ताई, आमच्या ह्यांच्याकडं ध्यान असू द्या,’ म्हणायची. मी ‘हो हो’ म्हणायचे. म्हणायला काय जातं?

गेल्या वर्षी कल्याणराव मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नाही, पण चकचकीत वस्तू दिसली की त्यांचा जीव तिकडे ओढतो. त्यांनी पुण्याच्या एका फर्मची नवी सिस्टीम आणली. गेट, हजेरी, कॅन्टीन, पासवर्ड, सगळं त्यांचंच. यंत्रंही त्यांचीच, कारण ती सिस्टीम दुसऱ्या कुणाच्या यंत्राशी बोलतच नाही. आतली माहिती कुठल्या भाषेत ठेवली आहे तेही सांगत नाहीत. थोडक्यात, आड बुजवायचा आणि त्यांच्या नळाला तोंड लावून बसायचं.

फर्मची इंजिनिअर आली होती, तृप्ती नावाची. हुशार मुलगी, बोलायला गोड. तिला बोटांचे ठसे घ्यायचे होते, पण भट्टीवाल्यांच्या बोटांवर रेघाच उरत नाहीत, यंत्र प्रत्येकाला परत पाठवायला लागलं. शेवटी कार्डंच ठेवली. मी तिला बदलीचा रकाना दाखवला.

“मॅडम, हे फील्ड आमच्याकडे नाहीये,” ती म्हणाली.

“मग घाला.”

“ते आम्हाला बदलता येत नाही. सगळ्या क्लायंट्सना तेच स्ट्रक्चर असतं. आणि खरं सांगू का, एक कार्ड, एक माणूस, हे बरोबरच आहे ना?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं, “पण खरं नाही.”

ती हसली. कल्याणरावही हसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “साधनाताई, तुमची घरगुती वही लई झाली आता. पापड-लोणचं घरचं चांगलं, सिस्टीम न्हाई.”

लोक खो खो हसले. मला ते लागलं. मी तीन मेल लिहिले, रकाना नसेल तर काय होईल ते मुद्देसूद सांगितलं. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी एका कागदावर माझी सही हवी होती, ‘जुनी सर्व माहिती नव्या सिस्टीममध्ये पूर्ण व बिनचूक आली आहे’. मी ती रागारागात ठोकली. म्हटलं, घ्या, तुमचं लग्न तुम्हीच लावा. खोटा मजकूर आहे हे मला माहीत होतं. जुना सर्व्हर बंद करण्याआधी मात्र मी सगळी डिरेक्टरी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली. साधा मजकूर, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतो, वाचता येणाऱ्या कुणालाही वाचता येतो.

नव्या सिस्टीमबरोबर नवा हुकूम आला. बदलीवर आलेला सापडला तर दोघांचीही नावं कायमची ब्लॉक. त्याने बदली थांबली असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा आष्टीला जाऊन यावं. बदली चालूच राहिली, फक्त तिच्याबद्दल बोलणं बंद झालं. पावसाळ्यात दोनदा तपासणी झाली. तपासणीचा भोंगा वाजला की बदलीवाले भंगाराच्या ढिगाऱ्यामागून भिंतीवर चढून पलीकडे उड्या टाकायचे. माऊली मला एकदा म्हणाला होता, “ताई, पहिले तुमाला सांगत होतो तर बराबर चालत होतं. आता सांगायचं कोणाला? यंत्राला?”

नोव्हेंबरातला मंगळवार होता. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्फोट झाला. भंगारात कुठलातरी बंद सिलिंडर आला होता, तो भट्टीत गेला. माझ्या खोलीची खिडकी फुटली. आम्ही सगळे वजनकाट्याजवळ पळालो, आपत्तीत तिथेच जमायचं असं ठरलेलं आहे. भट्टीवरची माणसं खोकत, तोंडाला रुमाल लावून येत होती. दोघे चांगलेच भाजले होते, त्यांत माऊली. त्यांना लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. स्फोटाच्या झळेने भट्टीखालच्या बोगद्यातल्या केबलींनी पेट घेतला होता आणि जमिनीतल्या झाकणांतून काळा धूर वर येत होता.

आत कोण राहिलंय, हा एकच प्रश्न होता. बोगद्यातली आग विझवायची तर झाकणं लावून हवा तोडावी लागते. आत माणूस असेल तर झाकणं लावता येत नाहीत. त्यासाठी यादी हवी. आणि यादी नव्हती. केबली जळाल्या तशी विजेबरोबर इंटरनेटची लाइनही गेली, आणि आमच्या गेटवरच्या यंत्राला आमचीच माणसं कोण हे पुण्याला विचारावं लागतं. त्याच्या पडद्यावर नुसतं ‘संपर्क नाही’. कल्याणराव मोबाईलवर पुण्याशी बोलत होते आणि पलीकडची बाई त्यांना तक्रार क्रमांक विचारत होती.

ते माझ्याकडे वळले. “ताई, तुमच्याकडं काई जुनं हाय का?”

माझ्या खोलीतले कॉम्प्युटर आणि प्रिंटर बॅटरीवर चालू होते. जुनी यादी उघडून छापायला दोन मिनिटं लागली असती. भट्टीचं प्रत्येक कार्ड आणि त्यापुढे त्याच्या बदलीवाल्यांची नावं.

मी म्हणाले, “जुनं तुम्हीच काढायला लावलं ना सर? ती घरगुती वही होती. पुण्याला विचारा.”

सगळ्यांसमोर म्हणाले. आणि मला बरं वाटलं. हे सांगायची लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरंच बरं वाटलं.

अकरा पस्तीसला पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर यादी आली. भट्टीवर त्रेचाळीस माणसं आत. कल्याणराव एकेक नाव पुकारू लागले. दवाखान्यातले दोन धरून बेचाळीस झाले. एक उरला, रखमाजी.

“रखमाजी कुठंय?” माणसं पायाखालची माती बघत होती. कल्याणरावांनी यादीवरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

“रखमाजी, कुठं हायेस तू?”

मग आवाज आला, “काय झालं साहेब?”

“भट्टीत स्फोट झालाय! तू बाहेर हायेस का आत?”

“बाहेर... बाहेरच हाय साहेब. म्या आलो बाहेर.”

त्याच्या आवाजामागे मेंढ्या ओरडत होत्या. एक-दोन नव्हे, अख्खा कळप. एमआयडीसीत मेंढ्या कुठून येणार? रखमाजी आष्टीला होता. घरी लोकर कातरायचं काम असणार. दोन्ही नावं ब्लॉक होतील या भीतीने तो खोटं बोलला. मला ते तिथल्या तिथे कळलं. आणि रखमाजी आष्टीला असेल तर त्याच्या कार्डावर कोण आलं होतं, हे सांगायला मला कुठली यादीसुद्धा नको होती.

“त्रेचाळीस पूर्ण,” कल्याणराव म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला आणि कंपनीच्या आग विझवणाऱ्यांना ओरडून सांगितलं, “सगळे बाहेर आलेत. झाकणं लावा!”

मी तिथेच उभी होते. मी स्वतःला समजावलं की सांडू नेहमीसारखा भिंतीवरून पलीकडे गेला असेल, पावसाळ्यात दोनदा गेलाच होता. आता त्याचं नाव घेतलं तर उगाच त्याची आणि रखमाजीची जागा जाईल. हे मी स्वतःला सांगितलं, आणि हे अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. मला वाटलं, थांब. उद्या हे बाहेर येईल की यांच्या लाखमोलाच्या यादीत जो माणूस आत आहे तो आष्टीला मेंढ्या कातरतोय. तेव्हा यांची अब्रू चव्हाट्यावर येईल. तेव्हा मी माझे तीन मेल काढून दाखवीन. मी ते मेल मनातल्या मनात वाचायलाही लागले होते.

झाकणं लागली. धूर कमी झाला. कुणीतरी पाण्याचे पाऊच वाटले, मीही एक प्यायले.

बारा वीसला माझा फोन वाजला. आशाबाई.

“ताई, कंपनीत स्फोट झाला म्हणून राह्यलेत लोकं. ह्यांचा फोन लागून न्हाई राह्यला. रखमाजी भाऊजी नुस्तेच रडून राह्यले, काई सांगत न्हाई. ताई, हे आल्ते ना बाहेर? तुमी पाह्यलं ना ह्यांना?”

मी फोन तसाच हातात धरून ओरडले, “सांडू! सांडू कुणी पाहिला?”

ते नाव ऐकताच भट्टीवरचा एकजण ताडकन म्हणाला, “सांडू? तो तर खाली बोगद्यात पंपावर गेल्ता. स्फोटाच्या आधी.” मग त्याने आजूबाजूला पाहिलं. “मला वाटलं, आला आसंल वर. गेला आसंल भिंतीवरून.”

सगळ्यांना हेच वाटलं होतं. कुणालाही पहिल्यांदा ते नाव घ्यायचं नव्हतं. मी एकदा घेतलं आणि लगेच उत्तर मिळालं. अकरा चाळीसला घेतलं असतं तर अकरा चाळीसला मिळालं असतं.

झाकणं उघडायला अर्धा तास गेला, लोखंड तापून बसलं होतं. सांडू पंपाच्या बाजूच्या झाकणाखाली, लोखंडी शिडीवर सापडला. एक हात वरच्या पायरीत अडकवलेला, म्हणून खाली पडला नव्हता. अंगावर भाजल्याची खूण नव्हती. झाकण लागल्यानंतरही तो बराच वेळ जिवंत असावा, असं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. किती वेळ, असं मी विचारलं. ते म्हणाले, वीस मिनिटं, कदाचित जास्त.

सांडू सापडेपर्यंत माझ्या हातातला फोन मी बंद केला नव्हता. आशाबाईने सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून कागद रंगायला लागले. कंपनीने लिहून दिलं की भट्टीवरचे त्रेचाळीसही कामगार सुखरूप आहेत किंवा उपचार घेत आहेत, आणि मृत इसम हा दुसऱ्याचं कार्ड वापरून शिरलेला अनधिकृत माणूस होता. त्यांच्या सिस्टीमप्रमाणे ते शंभर टक्के बरोबर होतं. कल्याणराव माझ्या खोलीत आले, फुटक्या खिडकीजवळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुमच्याकडं जुनी यादी असंल तर काढून टाका. तिचा आता कोणालाच फायदा न्हाई.”

“सांडूला आहे,” मी म्हटलं.

ती यादी मी कारखाना निरीक्षकांकडे नेऊन दिली. त्यांच्या कॉम्प्युटरवर ती लगेच उघडली, कुणाची परवानगी लागली नाही. रखमाजीच्या कार्डाखाली सांडूचं नाव, आशाबाईचा फोन, आणि सांडू बदलीवर आल्याच्या एकसष्ट खुणा, तारखांसकट. कंपनीच्याच गेटवर, कंपनीच्याच कारकुनाने केलेल्या. निरीक्षकांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, आता याला अनधिकृत म्हणता येणार नाही. ‘अनधिकृत’ हा शब्द खोडला गेला.

मग त्यांनी माझा जबाब घेतला. “रखमाजीच्या जागी सांडू आहे, हे तुमच्या कधी लक्षात आलं?”

“आशाबाईंचा फोन आला तेव्हा,” मी सांगितलं. “बारा वीसला.”

त्यांनी तसं लिहून घेतलं. मी सही केली. म्हणजे झाकणं लागली ती एकट्या रखमाजीच्या खोट्यामुळे, असं कागदावर पक्कं झालं. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. उलट ऑफिसात लोक मला मानाने बघायला लागले, यादी जपली म्हणून.

तेरावं झाल्यावर मी आष्टीला गेले. परतूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा. का गेले ते मला नीट सांगता येत नाही. रोज अंबडच्या गाडीत बसल्यावर ती शिडी डोळ्यांसमोर यायची, एवढं खरं.

घर पत्र्याचं, पुढे मोठं अंगण, कडेला मेंढ्यांचा रिकामा वाडा. सांडूचे वडील रामप्रसाद खाटेवर बसले होते. मी आले म्हणून शेजारपाजारचेही जमले. रखमाजी आला होता, पण अंगणात कुणी त्याला बस म्हटलं नव्हतं. तो वाड्याच्या काट्यांच्या कुंपणापाशी उकिडवा बसला होता, दाढी वाढलेली, नजर खाली. त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही, असं मला रिक्षावाल्याने आधीच सांगितलं होतं. भावाला त्यानेच मारलं म्हणतात.

रामप्रसादांनी हात जोडले. “बाई, तुमच्यामुळं माझ्या पोराचं नाव लागलं. न्हाई तर चोर म्हणून गेला आस्ता. देव तुमचं भलं करो.” त्यांनी वाकून माझ्या पायांकडे हात नेला. मी मागे सरकले. सत्तरीच्या माणसाने माझ्या पाया पडायला यावं, आणि मी तिथे उभी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आशाबाईने चहा आणला. ती मला पहिल्यांदाच दिसत होती. फोनवरच्या आवाजावरून वाटलं त्याहून वयाने लहान. तिने कप दिला, समोर जमिनीवर बसली आणि सरळ विचारलं.

“ताई, एक विचारते. तुमाला कवा कळलं, आत हेच हायेत म्हणून?”

बारा वीस हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. सही केलेलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, मग तिकडे काट्यांपाशी बसलेल्या रखमाजीकडे.

“अकरा चाळीसला,” मी म्हणाले. “रखमाजी फोनवर बोलले तेव्हाच. मागे मेंढ्या ऐकू आल्या. मला तिथेच कळलं.”

“झाकणं लावायच्या पह्यले?”

“आधी.”

“मंग तुमी बोलल्या का न्हाई?”

“रागात होते,” मी म्हणाले. “कंपनीतले लोक मला हसले होते. मला वाटलं, त्यांची फजिती होऊ दे. सांडू बाहेर गेला असेल, असंही वाटलं. पण मी रागात होते, म्हणून गप्प बसले.”

आशाबाई रडली नाही, ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते की ती मला हाकलून देईल, निदान शिव्या घालील. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

ती म्हणाली, “मामांजींना कमी ऐकू येतं. त्यांना न्हाई समजलं तुमी काय म्हणल्या ते. उठा. त्यांच्या जवळ जाऊन मोठ्यानं सांगा. रखमाजी भाऊजींना बी ऐकू जाऊ द्या.”

मी उठले. खाटेजवळ गेले, रामप्रसादांच्या कानाशी वाकले. म्हातारा माझ्याकडे मायेने बघत होता, मी आणखी काही चांगलं सांगणार आहे असं त्याला वाटत होतं.

“बाबा, मला आधीच माहीत होतं,” मी मोठ्याने म्हणाले. “सांडू आत आहे, हे झाकणं लागायच्या आधी मला माहीत होतं. मी रागात होते. मी सांगितलं नाही.”

गल्लीतल्या लोकांनीही ते ऐकलं असणार. रखमाजीने मान वर केली.

रामप्रसादांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. त्यांना शब्द ऐकू आले होते, पण त्यांचा मेळ लागत नव्हता. त्यांनी हात कानामागे धरला.

“रागात व्हतीस?” ते म्हणाले. “माझ्या सांडूच्या रागात? त्यानं काय केल्तं तुझं?”

“सांडूच्या नाही बाबा. त्याने काहीच केलं नव्हतं.”

“मंग कोणाच्या?”

सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. रकाना, यादी, पुणे, तीन मेल, पापड-लोणचं, सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि त्यातलं एकही त्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

“एका मशीनच्या,” मी म्हणाले.

“कोणाच्या?” त्यांनी परत विचारलं, आणि मला ते परत, अजून मोठ्याने सांगावं लागलं.